आई सिरियस आहे, निघ

दादर, ६ जानेवारी २०२५

प्रिय कांता,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. तुझं काहीतरी माझ्याकडे राहिलं आहे. वस्तू नाही. आई जाण्याच्या आदल्या दिवशी तुझ्यासाठी काही बोलली होती, ती चार-पाच वाक्यं आहेत. पाच वर्षं मी ती तुला दिली नाहीत. आता द्यायला हवीत, कारण माझ्याकडे ती फार दिवस टिकतील असं दिसत नाही.

डिसेंबरात मी हिंदमाताला एका दुकानात साडी फॉल लावायला टाकली आणि दुकान कुठलं ते विसरले. दोन दिवस त्या रस्त्याने फिरले. दुकानदार ओळखीचं हसायचे, म्हणून प्रत्येक दुकान तेच वाटायचं. मग एका सकाळी सुनेला हाक मारायला तोंड उघडलं तर नाव येईना. 'अगं' म्हणून वेळ मारून नेली. दुपारी जेवताना आठवलं, दर्शना. इतका आनंद झाला की मी ते मोठ्याने म्हटलं, आणि ती ताटावरून उठून धावत आली.

माझा विनीत मग मला शिवाजी पार्कजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. विनीतच्या वयाचाच डॉक्टर. त्याने मला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलला आणि मग ते शब्द विचारले. तीन आले. मी विचारलं, सिरियस आहे का? तर म्हणतो, "सिरियस नाही आजी, पण सिरियसली घ्या."

मला हसू आलं. विनीत चिडला. तू असतीस तर हसली असतीस.

वाक्यं आजच लिहायची म्हणून बसले होते. 'आई म्हणाली' एवढं लिहिलं आणि तो कागद फाडला. ती नुसती लिहून भागणार नाही. ती माझ्याकडे कशी आली तेही लिहावं लागेल, आणि तिथे हात थांबतो. माझी तब्येत बरी आहे. घाबरवून तुला बोलावण्यासाठी हे लिहीत नाही.

तुझी,
नलूताई


दादर, ३० जानेवारी

प्रिय कांता,

स्पृहाचा मेसेज आला. 'मावशी, चक्क लेटर? सिरियसली?' आणि पुढे तीन हसरे चेहरे. मग दुसरा मेसेज, की आईने उघडलं नाही, पण टाकूनही दिलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलंय. तुझी लेक तुझ्यासारखी आहे. वाईट बातमी देते, आणि मग ती बरी वाटेल असं शेजारी काहीतरी ठेवते.

तिने वापरलेला शब्द बघ. तिच्यासाठी त्याचा अर्थ 'काय सांगतेस!' एवढाच. आपल्या चाळीत तो उच्चारला तरी बायका चूल बंद करायच्या.

तुला आठवत असेल, आपल्या चाळीतल्या तारा मी लिहायचे. बाबांच्या गिरणीतल्या साहेबाच्या चिठ्ठीने एकाच मुलीला कॉन्व्हेंटात जागा मिळाली. ती मी, कारण मी मोठी. तू म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेलीस आणि मला 'मड्डम' म्हणायला लागलीस. अकरा वर्षांची होते तेव्हा पहिली तार लिहिली. खालच्या मजल्यावरचे एक विणकर गिरणीत दुपारपाळीला वारले, त्यांच्या भावाला मालवणला कळवायचं होतं. सिस्टरने शिकवलेलं ताजं होतं, म्हणून मी मोठ्या ऐटीत फॉर्मवर 'एक्स्पायर्ड' लिहिलं. शेजारच्या रामजीकाकांनी विचारलं, ह्याचा अर्थ काय गो? मी सांगितला. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, दुमडून खिशात टाकला आणि दुसरा आणायला सांगितलं. म्हणाले, 'सिरियस' घाल.

मी म्हटलं, पण ते खोटं आहे. सिस्टर म्हणते, खोटं ते खोटं.

"वाटेत तेका धरूक कोण आसा?" रामजीकाका म्हणाले. "हयसर येवंदे. हयसर आमी आसंव."

तेव्हापासून मी तेच लिहीत आले. ब्रदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. फादर सिरियस. एकदा लिहून दिलं की मी पुन्हा अभ्यासाला बसायचे. दोन दिवसांनी कोणीतरी वळकटी घेऊन जिना चढायचं आणि वर येईपर्यंत आशेवर असायचं. दारात चार जण उभे असायचे, त्याला धरायला. मी अभ्यासाच्या वहीतून मान वर करायचे नाही.

गावाहून येणाऱ्या तारा मात्र वेगळ्या. शिमगा जवळ आला की चाळीतल्या निम्म्या लोकांच्या आया सिरियस व्हायच्या. रजा दुसऱ्या कशाने मिळायचीच नाही. गिरणीतला टाइमकीपर बाबांना म्हणाला होता, धोंडू, तुझ्या आईला पंचांग बरं कळतं रे. बाबा घरी येऊन ते इतक्या वेळा सांगायचे की आजी खरोखर गेली तेव्हा त्यांना त्याची शरम वाटली, आणि नंतर ते कधी बोलले नाहीत.

आणि एकदा तो शब्द तुझ्यासाठी मीच वापरला. चौऱ्याऐंशी साल. मी लग्न होऊन दादरला आले होते, तू मला गौतमबद्दल सांगितलंस आणि म्हणालीस, आईला तू सांग, तुझं ऐकते. मी आईला म्हटलं, आई, कांताचं सिरियस आहे. ती तांदूळ निवडत होती. हातातलं सूप खाली ठेवून चपला शोधायला लागली, कुठल्या हॉस्पिटलात म्हणून. मी समजावून सांगितलं तेव्हा पुन्हा बसली आणि बराच वेळ तांदूळच निवडत राहिली. शेवटी म्हणाली, हॉस्पिटलात असती तर बरं होतं.

आपण मराठे, ते बौद्ध. हे ती तोंडाने कधी बोलली नाही. पण रजिस्टर लग्न करून तुम्ही दोघं पेढे घेऊन आलात तेव्हा दार लागलेलं होतं. आत दिवा होता, तू मला सांगितलं होतंस. पुढे ती तुला भेटायला लागली. माझ्या घरी भेटायची, तुझ्यासाठी कुळीथपीठ आणायची, स्पृहाचे केस विंचरायची. त्या दाराबद्दल मात्र एक अक्षर नाही. तू मेलबर्नहून दर दोन वर्षांनी यायचीस ते त्या एका अक्षरासाठी. मला ते दिसायचं. चहा ओतताना तू तिच्याकडे बघायचीस, आणि ती कपाकडे.

तुझी,
नलूताई


दादर, १८ फेब्रुवारी

प्रिय कांता,

आज एकोणीस सालातली ती सकाळ लिहून टाकते. तुला ती माहीत आहे, पण माझ्याकडून तू ती कधी ऐकलेली नाहीस.

आई पहाटे पाच चाळीसला गेली. परळच्या हॉस्पिटलात, माझ्या समोर. नर्सने वेळ लिहून घेतली. सहा वाजता मी तुला फोन केला. तुझ्याकडे दुपार व्हायला आली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, आई सिरियस आहे, निघ.

रामजीकाकांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, हे खरं आहे. तू एकटी विमानात, वीस तास. तुला धरायला तिथे कोण? इथपर्यंत मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण तार एकदा पाठवली की कोणी तिला प्रश्न विचारत नाही. तू विचारलेस. शुद्धीवर आहे का? मी म्हटलं, अधूनमधून. काही खाल्लं का? पेज घेतली थोडी. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं, कांता. ती सगळी आदल्या दिवशीची उत्तरं होती.

मग तू म्हणालीस, तिच्या कानाला फोन लाव.

मी लावला.

नर्सने वळून पाहिलं आणि मान खाली घातली. तुझा आवाज बाहेर ऐकू येत होता. 'आई, मी येतेय गो, थांब हां.' दोनदा म्हणालीस. नंतर काहीतरी हळू बोललीस, ते मी ऐकलं नाही, फोन तिच्या कानाशीच होता. मग मी तो उचलला आणि तू विचारलंस, ऐकलं का तिने? मी हो म्हटलं.

विनीत तुला विमानतळावर घ्यायला आला. नंतर तो मला म्हणाला, शीवपर्यंत मावशी बोलत होती, आजीला कुठल्या खोलीत ठेवलंय, उशाशी कोण बसतं. हिंदमाताचा पूल उतरून गाडी हॉस्पिटलकडे न वळता सरळ लालबागला निघाली, आणि तू बोलायची थांबलीस. त्याला काही विचारलं नाहीस. चाळीखाली माणसं उभी होती. मी जिन्यात पुढे आले तुला धरायला, तर तू माझा हात बाजूला केलास.

"फोन कुणाच्या कानाला लावला होतास, ताई?"

तेरा दिवस राहिलीस आणि माझ्याशी तेवढंच बोललीस. लोकांना वाटलं, दुःखाने गप्प आहे. तेराव्याला तू ताट वाढलंस, सगळ्यांच्या पाया पडलीस, माझ्याही पडलीस, आणि गेलीस. माझा नंबर त्यानंतर तुझ्या फोनवर लागलेला नाही.

आजच सगळं लिहायचं ठरवलं होतं. एवढ्यानेच थकले. दर्शना दोनदा येऊन बघून गेली, की सासूबाई एवढं काय लिहितायत. तिला सांगितलं, जुना अभ्यास राहिलाय.

तुझी,
नलूताई


दादर, २१ मार्च

प्रिय कांता,

काल स्पृहाचा मेसेज आला. तिने लिहिलंय, आईने तिन्ही पत्रं एका बैठकीत वाचली आणि मला म्हणाली, टाइप कर. पुढे तुझे शब्द. 'तारा पुरे झाल्या. काय ते सरळ लिही.'

मी तो मेसेज दिवसभर उघडून बघत होते. पाच वर्षांनी तू माझ्याशी बोललीस, आणि ओरडलीस. बरं वाटलं.

तर सरळ लिहिते.

आई अकरा दिवस हॉस्पिटलात होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवा. तू रोज फोन करत होतीस. मी रोज सांगत होते, ताप आहे, वयामुळे उतरायला वेळ लागतो, सिरियस काही नाही. आठ दिवस. ती मेल्यावर मी सिरियस म्हटलं हे तुला ठाऊक आहे. ती सिरियस असताना मी नाही म्हटलं, हे आज कळतंय. तू तिसऱ्या दिवशीच निघाली असतीस तर आठवडाभर तिच्या उशाशी बसली असतीस.

मी असं का केलं, ते मी स्वतःला बऱ्याच प्रकारे समजावलं. तिकीट मिळणार नाही, तुझी नोकरी, ती बरी होईल. त्यातलं काही खरं नाही. तू आली असतीस तर तिचं तोंड माझ्याकडून तुझ्याकडे वळलं असतं, एवढंच खरं आहे.

आई माझ्याशी कशी बोलायची आठवतं? जपून. मी कॉन्व्हेंटात जायला लागले तशी ती माझ्यासमोर शब्द शोधून, शुद्ध बोलायला लागली. पाहुण्यांशी बोलतात तसं. घरात तुम्ही दोघी मालवणीत भांडायचात, खिदळायचात, आणि मी आले की गप्प व्हायचात. 'नलू आली, तिला अभ्यास आहे.' माझ्या अभ्यासाचा तिला फार अभिमान होता. मी पन्नास वर्षं तिच्या औषधाच्या बाटल्या आणल्या, डोळ्यांचं ऑपरेशन केलं, बाबा गेल्यावर दर रविवारी लालबागला गेले. ती मला म्हणायची, कशाला त्रास घेतलास. तुला कधी म्हणाली?

ते आठ दिवस ती फक्त माझी होती. मला ते हवे होते.

दहाव्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत मी तिला पेज भरवत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "कांता?"

मी 'नाही, नलू' म्हणणार होते. पण तिने तुला ज्या आवाजात हाक मारली, तो आवाज माझ्या वाट्याला कधी आलेला नव्हता. मी म्हटलं, "काय गो?"

मग ती बोलली. तिच्या मालवणीत बोलली, मी माझ्या मराठीत लिहिते, सूर तू लावून घे. क्रम पुढेमागे झाला असेल. मागच्या महिन्यात तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा थोडं वेगळं आलं. हे सगळ्यांत जवळचं आहे.

म्हणाली, त्या दिवशी मी दाराशीच उभी होते. कडी हातात होती. तू दोनदा हाक मारलीस ती ऐकली. मग तुम्ही जिना उतरायला लागलात, आणि मधल्या वळणावर कुणाची तरी चप्पल तुटली, आणि तू हसलीस. एवढं सगळं होऊन तू हसलीस. मी कडीवरचा हात काढला. म्हटलं, जाऊ दे, हिचं बरं होईल. रडत गेली असतीस तर मी दार उघडलं असतं, आणि मग तुला जाऊ दिलं नसतं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, गौतमला सांग, मी पेढा खाल्ला. तुम्ही पुडा उंबऱ्यावर ठेवून गेला होतात. बाबा यायच्या आत मी तो आत घेतला आणि त्यातला एक खाल्ला. उरलेले मजल्यावर वाटले. कुणी विचारलं, कसले? मी म्हटलं, कांता पास झाली.

मग तिने विचारलं, "रागावलंस गो?"

आणि मी म्हटलं, "नाय."

त्या 'नाय'वर माझा हक्क नव्हता. पस्तीस वर्षं राग तू धरलास की नाही, कितीदा धरलास, कितीदा सोडलास, हे तुझं होतं, आणि ते मी एका अक्षरात तुझ्या नावाने देऊन टाकलं. तिने माझा हात दोनदा थोपटला. पेज तशीच राहिली. संध्याकाळी तिची शुद्ध गेली, ती आली नाही. सकाळी तुझा फोन तिच्या कानाला लावला तेव्हा मला वाटत होतं, तुझं तू आत्ता बोलून घे, तिचं मी घेतलेलंच आहे. तू जिन्यात विचारलंस तेव्हा मी सांगितलं असतं तर निदान तुला ते त्या दिवशी मिळालं असतं. पण तू माझा हात बाजूला केलास, आणि मी ते राखून ठेवलं. वाटलं, हिच्याकडे सगळंच होतं, हे एक माझ्याकडे राहू दे.

आता ते माझ्याकडेही राहत नाही. परवा सकाळी उठले आणि पेढ्याचं आठवेना. काहीतरी गोड होतं, एवढंच आठवत होतं. दुपारपर्यंत घरात फिरत राहिले. म्हणून आज हे सगळं लिहून टाकलं. आता हे तुझ्याकडे आहे, मी विसरले तरी चालेल. तू क्षमा करावीस म्हणून लिहिलेलं नाही. गौतमला मात्र पेढ्याचं सांग. त्याच्यासाठी दिलेला निरोप आहे तो.

एकच सुटलं आहे. जिन्यात चप्पल कुणाची तुटली, ते आईने सांगितलं होतं. नाव घेतलं होतं तिने, मला स्पष्ट आठवतं की घेतलं होतं. पण कुणाचं, ते गेलं. दारामागून तिला कसं कळलं कोण जाणे, पावलांवरून कळलं असेल. तू स्वतःची तुटली म्हणून हसलीस की त्याची तुटली म्हणून, हे आता तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

तुझी होती की त्याची? एवढं कळव.

नलू